फिटनेस बॅन्ड निवडताना क्रम चुकतो, म्हणून हे टप्पे एकामागून एक करा

आमच्या सकाळच्या वॉकच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांनी बॅन्ड घेतले आणि त्यातले बरेचसे आता ड्रॉवरमध्ये पडलेत. बॅन्ड खराब होते असं नाही. घेताना सगळ्यांनी क्रम उलटा केला, आधी सेल बघितला, मग रंग, मग डब्यावरची फीचरची यादी, आणि घरी आल्यावर कळलं की फोनला नीट जोडत नाहीये, नाहीतर मनगटावर सरकतोय, नाहीतर पळताना हार्ट रेट भलताच दाखवतोय, आणि तोपर्यंत बदलून घ्यायची मुदत संपलेली.

म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिलाय. मधला टप्पा गाळू नका, कारण पुढचा टप्पा आधीच्या उत्तरावर उभा आहे. कुठली कंपनी घ्या हे मी सांगणार नाहीये, मॉडेलं दर काही महिन्यांनी बदलतात, पण निवडायची पद्धत तीच राहते.

## तयारी: दुकान उघडायच्या आधी एक कागद घ्या

खरंच कागद घ्या, डोक्यात ठेवू नका. त्यावर या गोष्टी लिहा:

- फोनचं नेमकं मॉडेल आणि त्यात अँड्रॉइडचं किंवा आयओएसचं कितवं व्हर्जन आहे ते. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सापडतं.
- मनगटाचा घेर. दोरा गुंडाळा, पट्टीवर मोजा, मिलिमीटरमध्ये लिहा.
- दिवसभर हात कशात असतात: पाणी, पीठ, तेल, मशीन, कीबोर्ड, स्कूटरचं हँडल.
- घालणाऱ्याला कुठल्या गोळ्या चालू आहेत, पेसमेकर आहे का, त्वचेला कशाची ॲलर्जी आहे का.
- रोज चार्ज करायची तयारी आहे का. खरं उत्तर लिहा.

बॅन्ड आई-बाबांसाठी घेत असाल तर हे सगळं त्यांच्याबद्दल लिहायचं. फोनसुद्धा त्यांचाच. तुमच्या नव्या फोनवर मस्त चालणारं ॲप त्यांच्या पाच वर्षं जुन्या फोनवर चालेलच असं नाही.

## टप्पा १: तुम्हाला कोणता आकडा हवाय ते एका ओळीत लिहा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. ‘फिट राहायचंय’ हे उत्तर चालणार नाही. बॅन्ड आकडे देतो, त्यातला एक, फार तर दोन आकडे तुम्ही रोज बघणार आणि बाकीचे पंधरा महिन्याभरात विसरून जाणार.

चालणं वाढवायचंय. स्टेप्स आणि ‘ॲक्टिव्ह मिनिटं’ पुरेशी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, त्यामुळे आठवड्याची मिनिटं सरळ दाखवणारं ॲप असेल तर फार बरं. यासाठी साधा, स्वस्तातला बॅन्डही चालतो. स्टेप्स मोजणारा हालचालीचा सेन्सर स्वस्तातही ठीक काम करतो.

पळायचंय, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन डोक्यात आहे. तुम्हाला बॅन्डमध्ये स्वतःचा जीपीएस हवा, आणि छातीवरचा हार्ट रेटचा पट्टा जोडता येतो का ते बघा. आत्ता पट्टा घेणार नसलात तरी बघा.

ट्रेक करता. हवेचा दाब मोजून उंची सांगणारा बॅरोमीटर आणि जीपीएस चालू ठेवून तासन् तास टिकणारी बॅटरी. बाकी गोष्टी दुय्यम.

झोप समजून घ्यायचीय. पातळ, हलका बॅन्ड, चार-पाच दिवस तरी चार्जिंग न लागणारा. रात्री चार्जिंगला लावावं लागणारं घड्याळ झोप मोजणार कधी?

ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटतात. आधी डॉक्टर. त्यांनी सुचवलं तर ईसीजी (हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख) काढणारं घड्याळ, आणि ते फीचर भारतात चालू आहे का हे कंपनीच्या साइटवर बघून मगच. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो, हॉस्पिटलमध्ये १२ लीडचा काढतात. ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता त्यात दिसू शकते, पण हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हे ॲपल स्वतःच्या घड्याळाबद्दल स्पष्ट लिहितं.

> थांबा. ‘सुई न टोचता शुगर सांगतो’ म्हणून विकला जाणारा बॅन्ड किंवा अंगठी घेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) याबद्दल जाहीर इशारा दिला होता, की त्वचेला न टोचता रक्तातली साखर स्वतःच मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सीजीएम पॅच वेगळा, त्यात बारीक तार त्वचेखाली जाते आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जिवावर बेतू शकतं.

बीपीचंही जवळजवळ तसंच. सॅमसंगच्या काही घड्याळांत बीपी दिसतं, पण त्यासाठी आधी दंडाच्या बीपी मशीनशी मेळ घालावा लागतो आणि तो दर २८ दिवसांनी परत घालायचा. हुआवेच्या एका घड्याळात पट्ट्यातच हवा भरते. या दोन्ही प्रकारांत काहीतरी पद्धत तरी आहे. मेळही घालायला सांगत नाही, पट्टाही फुगत नाही आणि तरी हजार-पंधराशेचा बॅन्ड १२०/८० दाखवतोय, तर तो आकडा बघूच नका. दंडाचं चांगलं मशीन घ्या.

## टप्पा २: आधी फोन आणि ॲप, बॅन्ड नंतर

बॅन्ड म्हणजे निम्मं हार्डवेअर आणि निम्मं ॲप. ॲप बंद पडलं की बॅन्ड फक्त वेळ दाखवणार. मी एकदा कमी माहितीतल्या ब्रँडचा बॅन्ड घेतला होता, दीड वर्षात त्याचं ॲप स्टोअरमधूनच गायब झालं, फोन बदलला तेव्हा परत जोडताच आला नाही, बॅन्ड मात्र आजही व्यवस्थित चालू होतो. तेव्हापासून मी ॲप आधी बघतो.

हे याच क्रमाने करा:

१. फोनशी जुळतं का. ॲपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ पासूनची घड्याळं फक्त अँड्रॉइडवर चालतात. इतर बऱ्याच कंपन्यांचे बॅन्ड दोन्हीकडे चालतात, पण आयफोनवर काही गोष्टी, मेसेजला उत्तर देणं वगैरे, कमी मिळतात.

२. बॅन्ड घ्यायच्या आधी त्याचं ॲप फोनमध्ये टाका. फुकट असतं. ते तुमच्या फोनवर इन्स्टॉल होतं का हे तिथेच कळेल.

३. स्टोअरमध्ये रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावून वाचा. सरासरी स्टार बघू नका, ते जुन्या चांगल्या दिवसांचेही असतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत ‘सिंक होत नाही’ (बॅन्डमधली माहिती फोनवर येत नाही) अशा तक्रारी ओळीने दिसल्या तर ते मॉडेल यादीतून काढा.

४. ॲप शेवटचं कधी अपडेट झालंय ते बघा. वर्षभर हात लागला नसेल तर सोडा.

५. तुमचा डेटा दुसरीकडे नेता येतो का. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट, आयफोनवर ॲपल हेल्थ, पळणाऱ्यांसाठी स्ट्राव्हा, अशी नोंदी ठेवणारी ॲप असतात. यातलं एकही जोडता येत नसेल तर उद्या कंपनी बदलल्यावर तुमची दोन-तीन वर्षांची नोंद तिथेच राहील.

६. महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे का. काही कंपन्या आकडे दाखवतात पण त्यांचं विश्लेषण पैसे भरल्यावर उघडतात. किंमत मोजताना दोन वर्षांचं सबस्क्रिप्शन धरून मोजा.

> तपासा. ॲप कुठल्या परवानग्या मागतंय? ब्लूटूथ आणि नोटिफिकेशन लागणारच, लोकेशन जीपीएसपुरतं समजू शकतं. कॉलर आयडी दाखवायला कॉन्टॅक्ट मागतात, ते नको असेल तर नाकारून बघा. नाकारल्यावर स्टेप्स मोजणंही बंद करणारं ॲप मी ठेवत नाही.

## टप्पा ३: मनगट आणि रोजचं काम

मागे जो हिरवा लाइट लुकलुकतो तो त्वचेत शिरतो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतील. बॅन्ड सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. मनगटाच्या हाडावर बसला तर खाली फट राहते. गडद टॅटूवर बांधला तर शाई प्रकाश अडवते. थंडीत महाबळेश्वरला पहाटे पळायला गेलात तर हातातलं रक्त कमी झाल्यामुळे पहिली दहा मिनिटं आकडा भरकटतो.

म्हणून कागदावरचा घेर आणि स्ट्रॅपची मापं जुळवा. बारीक मनगटाला मोठं जड घड्याळ घेतलं तर पळताना ते उड्या मारतं, आणि हार्ट रेट चुकायचं हे फार मोठं कारण आहे. मनगट बारीक असेल तर हलका बॅन्ड जास्त महागड्या जड घड्याळापेक्षा बरा आकडा देऊ शकतो.

बांगड्यांचं काय, हा प्रश्न ग्रुपमधल्या काकूंनी मला विचारला आणि दुकानदाराने त्याचं उत्तर दिलं नव्हतं. बांगड्या आणि बॅन्ड एकाच हातात असले की बांगड्या बॅन्डला सरकवतात, काचेवर आपटतात, आणि सेन्सर उचलला जातो. एका हातातल्या बांगड्या काढणं चालत असेल तर त्या हातात बांधा. चालत नसेल तर दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा हार्ट रेटचा पट्टा मिळतो, तो फोनला जोडून व्यायामापुरता वापरा. नुसत्या स्टेप्सच हव्या असतील तर फोन खिशात ठेवूनही काम होतं, बॅन्डवर खर्चच करू नका.

कणीक मळणं, भांडी, लॅबमधलं काम, वर्कशॉप, अशा कामात हात असतील तर बटणं आणि खाचा कमी असलेला, पाण्याने पुसून होणारा बॅन्ड घ्या. चामड्याचा किंवा कापडी स्ट्रॅप घामात आणि आपल्या पावसाळ्यात वास मारतो. सिलिकॉन ठीक, पण तो साध्या बकलचा आणि सहज बदलता येणारा असू द्या. स्ट्रॅप कधीतरी तुटतोच, आणि काही मॉडेलांचा वेगळा मिळतच नाही.

> थांबा. पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं दुसरं यंत्र असेल तर बॅन्ड घ्यायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मॅग्नेटचे स्ट्रॅप आणि चार्जर छातीपासून लांब ठेवावे लागतात, आणि शरीरातली चरबी मोजणारं फीचर, जे अंगातून सौम्य विद्युतप्रवाह सोडतं, ते अशा लोकांनी वापरूच नये. गरोदर बायकांसाठीही त्या फीचरला कंपन्या नको म्हणतात.

## टप्पा ४: आता डब्यावरची यादी वाचा

इतका वेळ यादी वाचू दिली नाही कारण आता तुम्हाला त्यातल्या चारच ओळी वाचायच्यात.

जीपीएस. ‘बिल्ट-इन’ आणि ‘कनेक्टेड’ यात फार फरक आहे. कनेक्टेड म्हणजे फोन सोबत न्यायचा, जीपीएस फोनचाच. जाहिरातीत दोन्हींना जीपीएसच म्हणतात. फोन घरी ठेवून पळायचंय तर ‘बिल्ट-इन’ हाच शब्द शोधा.

पाणी. ५ एटीएम (पाण्याच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारता येते असं अजिबात नाही. प्रयोगशाळेत स्थिर पाण्याचा तेवढा दाब सोसला एवढाच त्याचा अर्थ. पोहायला ५ एटीएम ठीक. आयपी६८ म्हणजे धूळ आणि गोडं पाणी, तेही कंपनीने ठरवलेल्या खोलीला आणि वेळेपुरतं, त्यावर स्विमिंग पूलमध्ये उतरू नका. गरम पाण्याची अंघोळ, वाफ आणि साबण या दोन्ही रेटिंगमध्ये धरलेले नसतात आणि रबराची सील त्यानेच लवकर जाते. गोव्याला, कोकणात समुद्रात गेलात तर बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुवा.

बॅटरी. ‘१४ दिवस’ हा आकडा कुठल्या सेटिंगवर मोजलाय ते खाली बारीक अक्षरात असतं. डिस्प्ले सतत चालू, रात्रभर ऑक्सिजन मोजणं, आठवड्यातून तीन वेळा जीपीएस, असं वापरलं तर तो निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. जीपीएस चालू ठेवून किती तास, हा आकडा वेगळा शोधा, पळणाऱ्यांना आणि ट्रेकवाल्यांना तोच महत्त्वाचा.

चार्जर. प्रत्येकाचा वेगळा. हरवला तर कंपनीच्या साइटवर सुटा मिळतो का आणि कितीला, हे आत्ताच बघा.

बाकी शंभर स्पोर्ट्स मोड, दोनशे वॉच फेस, यावर निर्णय घेऊ नका. स्वस्तातल्या बॅन्डमध्ये बऱ्याचशा मोडमध्ये आत तेच मोजलं जातं, फक्त नाव आणि चित्र बदलतं.

## टप्पा ५: विकत घेताना

आधी विचारा: उघडून वापरल्यावर परत घेणार का, फक्त बिघडला तरच बदलून देणार, आणि किती दिवसांत. ऑनलाइन असेल तर याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. टप्पा ७ मधल्या चाचण्यांना चार-पाच दिवस मोकळे मिळतील अशी तारीख निवडा, म्हणजे लग्नसराईत किंवा दिवाळीच्या गडबडीत मागवू नका, मुदतीचे दिवस तसेच निघून जातात.

डब्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला हवा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) ‘आर’ने सुरू होणारा नंबर दिसला तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, त्यात कंपनीचं नाव येतं. जीएसटी बिल घ्याच, त्यावर सिरियल नंबर असेल तर उत्तम. ‘बिल नको, दोनशे कमी करतो’ याला हो म्हणू नका, वॉरंटीच्या वेळी तेच बिल मागतात. विक्रेत्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

## टप्पा ६: पहिल्या दिवसाची सेटिंग

लोक डबा उघडतात, फोनला जोडतात आणि ‘पुढे, पुढे’ करत सुटतात. इथे पाच मिनिटं द्या.

१. आधी पूर्ण चार्ज करा, मग ॲपने मागितलेलं अपडेट होऊ द्या. अपडेट अर्धवट असताना मोजलेले आकडे धरू नका.

२. उंची, वजन, वय, लिंग खरं भरा. उंचीवरून पावलाची लांबी काढतात आणि त्यावरून अंतर. उंची चुकली तर रोजचे किलोमीटर चुकले.

३. कुठल्या हातात बांधलाय ते सांगा, शक्यतो ज्या हाताने कमी काम करता तो. उजव्या हातात बांधून आई पोळ्या लाटते तेव्हा तिच्या स्टेप्स वाढतात.

४. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला. व्यायाम करताना दोन बोटं वर आणि एक भोक घट्ट. रक्त अडेल इतका नाही, त्वचा सरकणार नाही इतकाच.

५. फोनमध्ये त्या ॲपचं बॅटरी सेव्हर बंद करा. अँड्रॉइडवर ‘सिंक होत नाही’ याचं बरेचदा हेच कारण निघतं, आणि लोक बॅन्डला दोष देतात.

६. फोन, मेसेज सोडून बाकी नोटिफिकेशन बंद. दिवसभर मनगट थरथरत राहिलं तर तुम्हीच तो काढून ठेवाल.

> तपासा. मॅक्झिमम हार्ट रेट ॲपने २२० वजा वय असा धरलाय का? तो ढोबळ अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होतो.

आता बाबांचं सांगतो. त्यांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे, त्या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात. मी बॅन्ड जोडून दिला, वय टाकलं, त्यावरून झोन (हलका, मध्यम, जोराचा व्यायाम म्हणजे किती ठोके याचे टप्पे) आपोआप तयार झाले, आणि बाबा रोज चालताना बघायचे की आपण अजून ‘मध्यम’ झोनमध्येच गेलो नाही, म्हणून वेग वाढवायचे, अजून वाढवायचे, एक दिवस दम लागून कट्ट्यावर बसले. डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळीवर तो झोन त्यांना लागूच होत नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून बाबांसाठी साधी कसोटी ठेवलीय: चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तोच मध्यम व्यायाम. झोनचे अलर्ट आम्ही बंद करून टाकले.

## टप्पा ७: मुदत संपायच्या आत या चाचण्या

हा टप्पा कोणी करत नाही, आणि खरी निवड इथेच होते. घेतल्यापासून चार-पाच दिवसांत सगळ्या उरका.

स्टेप्स. मोकळ्या रस्त्यावर स्वतः मोजत ५०० पावलं चाला. बॅन्ड ४७५ ते ५२५ मध्ये असेल तर छान. मग दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन, नाहीतर ट्रॉली ढकलत २०० पावलं. हात हलत नाही म्हणून इथे कमी मोजेल, किती कमी ते कळलं की पुरे. मग स्कूटरवरून खड्ड्यांच्या रस्त्याने पंधरा मिनिटं. दहा-वीस स्टेप्स वाढल्या तर चालेल, पाचशे वाढल्या तर नाही.

बसलेले ठोके. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर किंवा मानेवर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा, तीनदा. पाचेक ठोक्यांच्या आत फरक असेल तर ठीक.

चढल्यावरचे ठोके. चार मजले जिना चढा किंवा पुण्यात असाल तर पर्वती. वर पोचल्या पोचल्या १५ सेकंद मोजून चारने गुणा आणि बॅन्ड बघा. तो थोडा मागे असणार, पण अर्ध्या-पाऊण मिनिटाने तरी तुमच्या मोजलेल्या आकड्यापर्यंत वर आलेला दिसला पाहिजे.

पळतानाचे ठोके. इथे एक फसवा प्रकार होतो. सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतो. पळताना मिनिटाला साधारण १५० ते १८० पावलं पडतात, आणि सुरुवातीलाच, अजून आरामात गप्पा मारत पळताय तोच हार्ट रेट १७० दाखवू लागला आणि ॲपमध्ये पावलांचा आकडाही १७० च दिसतोय, तर तो तुमचा हार्ट रेट नाही. पट्टा वर घेऊन घट्ट करा आणि परत बघा. तरीही दर वेळी होत असेल तर बॅन्ड परत करा किंवा छातीचा पट्टा जोडा, तो हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो म्हणून अशी चूक सहसा करत नाही.

अंतर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर अगदी आतल्या लेनमधून पाच फेऱ्या म्हणजे २ किलोमीटर. पण आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मैदानावरचा प्रत्येक ट्रॅक ४०० चाच असतो असं नाही, आधी विचारून घ्या. शिवाय छोट्या गोल फेऱ्यांत जीपीएस वळणं कापतो, म्हणून एकदा सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांमध्येही मोजा. जीपीएस लॉक झाल्याशिवाय पळायला सुरुवात करू नका, उघड्यावर मिनिटभर उभे राहा. उंच टॉवरच्या मधून, बोगद्यात, दाट झाडीत, घाटाच्या कड्याखाली रेषा वाकडी येणारच, त्यावरून बॅन्ड नापास करू नका.

झोप. एका रात्री अंथरुणात न हलता तासभर वाचत पडा आणि सकाळी बघा तो तास झोपेत धरलाय का. थोडाफार सगळेच धरतात. शिफ्ट ड्युटी असेल तर दिवसाची झोप मोजतो का हे नक्की बघा, काही बॅन्ड रात्रीचीच धरतात. गाढ झोप, स्वप्नाची झोप हे आकडे अंदाजाचे असतात, मेंदूच्या लहरी मोजल्याशिवाय ते नेमके कळत नाहीत.

पाणी आणि त्वचा. तीन दिवस सतत घाला. लाल चट्टा किंवा खाज आली तर काढा, त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. बऱ्याचदा कारण पट्ट्याखाली अडकलेला साबण आणि घाम असतो, रोज धुऊन कोरडा केला की थांबतं. तरीही आली तर मुदतीतच परत करा.

> एका गैरसमजाबद्दल. व्हिडिओंमध्ये बॅन्ड बाटलीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून ‘बघा, याचेही ठोके दाखवतोय, खोटा आहे’ म्हणतात. चांगले बॅन्डही असं कधी कधी करतात, कारण परत आलेल्या प्रकाशात ते ताल शोधत राहतात. या एका गोष्टीवर निकाल देऊ नका. मात्र बाटलीवर रोज ९८ टक्के ऑक्सिजन आणि १२०/८० बीपी दिसत असेल तर ते आकडे बनवलेले आहेत असंच समजा.

यातली जी चाचणी तुमच्या टप्पा १ च्या ओळीशी जुळते, तिच्यात बॅन्ड नापास झाला तर परत करा, बाकी सगळं कितीही आवडलं असलं तरी. उलट, तुम्हाला फक्त चालायचंय आणि पळतानाचे ठोके चुकले, तर ठेवा. परत करताना ॲपमधून बॅन्ड काढून टाका आणि फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमची माहिती त्यात राहील.

## टप्पा ८: पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका

रोज जसं जगता तसंच जगा आणि बॅन्डला मोजू द्या. तुमच्या स्टेप्स रोज ३,५०० निघाल्या तर लगेच १०,००० चं टार्गेट लावू नका, ४,५०० लावा, दोन-तीन आठवडे टिकलं की पुढे.

कॅलरीवर जेवण ठरवू नका, हे मी हात जोडून सांगतो. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात सात बॅन्ड तपासले होते, त्यातल्या सहांनी ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या बॅन्डचीसुद्धा सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. बॅन्डं तेव्हापेक्षा सुधारली असतील, पण मनगटावरून जळालेल्या कॅलरी काढणं हा मुळात अंदाजच आहे. ‘आज ६०० जाळल्या’ म्हणून वडापाव वाढवला की वजन जागचं हलत नाही आणि मग लोक व्यायामच सोडतात.

बघायचाच असेल तर शांत असतानाचा हार्ट रेट बघा, आठवड्याच्या सरासरीत. मोठ्या माणसांत साधारण ६० ते १००, नियमित व्यायाम करणाऱ्यांत त्याहून कमी असू शकतो. एका दिवसाने वर-खाली होण्याला अर्थ नाही, जागरण, ताप, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, यानेही वाढतो. दोन आठवडे कारण नसताना चढाच राहिला तर ॲपमधला आलेख आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, नुसता ‘बॅन्ड असं म्हणतोय’ म्हणून सांगू नका, तारखांसकट आलेख दाखवा.

आणि छातीत दुखतंय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून आलाय, दम लागतोय, अशा वेळी बॅन्डवर सगळं हिरवं दिसत असलं तरी त्याच्याकडे बघत बसू नका. १०८ लावा.